अरण्यातील ध्यानकुटी

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. मगध देशाच्या राजगृह नगरीत पावसाळा सुरू झाला होता. ओढ्यांना पूर आले होते आणि माळावर कोवळे गवत तरारून वर आले होते. अशा दिवसांतही भगवान बुद्धांचे भिक्षू गावोगाव भ्रमण करीत होते. ते पाहून लोक कुरकुरू लागले. पाखरेसुद्धा पावसाळ्यात झाडांच्या शेंड्यांवर घरटी करून एका जागी राहतात. मग या श्रमणांनीच हिरवे गवत तुडवीत आणि बारीकसारीक जीव पायांखाली चिरडीत का हिंडावे, असे ते एकमेकांना विचारू लागले. ही कुरकुर बुद्धांच्या कानी गेली. त्यांनी भिक्षूंना पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहण्याची आज्ञा केली. या वास्तव्याला 'वर्षावास' असे नाव पडले.

एका जागी राहायचे म्हणजे डोक्यावर छप्पर हवे. पण हे छप्पर कोणाचे, केवढे आणि कोठे असावे? ज्याने घरदार सोडून दिले आहे, त्याने पुन्हा घर बांधण्याच्या खटपटीत पडावे काय? आणि जीवजंतूंना इजा होऊ नये म्हणून जो एका जागी बसला, त्याच्याच कुटीखाली शेकडो जीव चिरडले गेले तर? या प्रश्नांची उत्तरे एका दिवसात सापडली नाहीत. चुका होत गेल्या आणि त्या चुकांतून नियम घडत गेले. 'विनयपिटक' नावाच्या प्राचीन पाली ग्रंथात हे सारे नियम, ते ज्या प्रसंगांतून निघाले त्या प्रसंगांसह, सांगितलेले आहेत. कोरड्या नियमांपेक्षा ते प्रसंगच अधिक वाचनीय आहेत.

आरंभी भिक्षू झाडाखाली, डोंगराच्या कपारीत, गुहेत किंवा गवताच्या गंजीवर रात्र काढीत. एके दिवशी पहाटे राजगृहाचा एक श्रेष्ठी उद्यानाकडे निघाला असता त्याने भिक्षूंना अशा जागांमधून शांतपणे बाहेर येताना पाहिले. त्याचे मन प्रसन्न झाले. बुद्धांची अनुमती मिळताच त्याने एका दिवसात साठ विहार उभे केले, असे विनयपिटकात म्हटले आहे. एका दिवसात साठ! यावरून ते विहार केवढे असतील याची कल्पना येते. पुढच्या काळातील नालंदेसारखे ते भव्य विहार नव्हेत. एका माणसाला बसण्या-निजण्यापुरत्या त्या झोपड्याच असणार.

राजगृहाजवळच्या ऋषिगिरी टेकडीच्या उतारावर एका वर्षी काही भिक्षूंनी गवताच्या कुटी बांधून वर्षावास केला. पावसाळा सरताच त्यांनी कुटी मोडल्या, गवत व लाकडे नीट रचून ठेवली आणि ते आपापल्या वाटेने निघून गेले. धनिय नावाचा भिक्षू मात्र हिवाळा-उन्हाळाही तेथेच राहिला. एकदा तो गावात भिक्षेला गेला असता गवत आणि सरपण गोळा करणाऱ्या स्त्रियांनी त्याची कुटी मोडून सगळा माल नेला. त्याने पुन्हा बांधली; ती पुन्हा गेली. तिसऱ्यांदाही तसेच झाले.

धनिय जातीने कुंभाराचा मुलगा. हातात कसब होते. त्याने मनाशी ठरवले की आता कोणाला नेताच येणार नाही अशी कुटी बांधायची. त्याने चिखल तुडवला, सबंध कुटी मातीची उभी केली आणि भोवती गवत, लाकडे व शेण रचून ती भाजून काढली. मोठे मडके भाजावे तशी! कुटी फार देखणी झाली. मृग नक्षत्राचा पाऊस पडला की जमिनीवर मखमलीसारखे तांबडे किडे दिसतात. त्या इंद्रगोप किड्यासारखा तिचा रंग होता. भिंतीवर टिचकी मारली की लहान घंटेसारखा नाद निघे.

बुद्ध गृध्रकूटावरून उतरत असताना त्यांनी ती लाल कुटी दुरून पाहिली आणि ती काय आहे असे विचारले. भिक्षूंनी सर्व हकीकत सांगितली. कुटी सुंदर होती यात शंका नव्हती. परंतु ती भाजताना त्या मातीत, गवतात व शेणात किती जीव जळून गेले असतील, याचा विचार धनियाने केला नव्हता. बुद्धांनी ती कुटी मोडून टाकण्यास सांगितले. भिक्षू ती मोडू लागले तेव्हा धनिय धावत आला. मोडण्याची आज्ञा कोणाची आहे हे कळताच त्याने मुकाट्याने मान तुकवली. ज्याने तीन वेळा घर गमावले आणि चौथ्यांदा आपल्या हातांनी इतके सुंदर घडवले, त्याला त्या क्षणी काय वाटले असेल, ते ग्रंथात लिहिलेले नाही.

धनियाची गोष्ट येथे संपत नाही. त्याने आता लाकडाची कुटी बांधण्याचे ठरवले आणि राजाच्या लाकडांच्या रखवालदाराकडून, राजाची परवानगी आहे असे सांगून, नगराच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेली लाकडे उचलली. प्रकरण बिंबिसार राजापर्यंत गेले. राज्याभिषेकाच्या वेळी राजाने श्रमण-ब्राह्मणांना गवत, लाकूड आणि पाणी वापरण्याची मोकळीक दिली होती. धनियाने तिचाच आधार सांगितला. राजा म्हणाला की ती मोकळीक रानातल्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या वस्तूंपुरती होती. राजाने धनियाला शिक्षा केली नाही, पण लोकांत बोभाटा झाला आणि न दिलेली वस्तू न घेण्याविषयीचा कडक नियम या प्रसंगातून निघाला.

दुसरा प्रसंग आळवी या गावचा. तेथील भिक्षू स्वतःसाठी कुटी बांधू लागले. त्यांना धरबंध राहिला नाही. ते दारोदार जाऊन कोणाकडे मजूर मागत, कोणाकडे बैल, गाडी, कुऱ्हाड, कुदळ, बांबू, गवत, माती मागत. लोक या मागण्यांनी हैराण झाले. भिक्षू दिसला की कोणी वाट बदली, कोणी दार लावून घेई. पुढे पुढे तर दुरून गाय दिसली तरी भिक्षूच आला असे वाटून लोक पळू लागले! महाकाश्यप स्थविर त्या गावी भिक्षेसाठी आले तेव्हा त्यांना पाहूनही लोकांनी पळ काढला. चौकशी करता खरा प्रकार उघडकीस आला.

त्या वेळी बुद्धांनी भिक्षूंना एक कथा सांगितली. गंगेच्या तीरावर एक ऋषी राहत असे. मणिकंठ नावाचा नागराज रोज येऊन त्याला प्रेमाने सात वेटोळे घाली आणि त्याच्या मस्तकावर फणा धरी. ऋषी भीतीने वाळून चालला. त्याच्या भावाने युक्ती सांगितली, "त्या नागाच्या गळ्यात मणी आहे, तो माग." ऋषीने मणी मागितला, नाग आल्या पावली परत गेला. तीन वेळा असे झाल्यावर तो पुन्हा कधी आलाच नाही. नित्य मागणारा नागालासुद्धा नकोसा होतो. मग माणसांची काय कथा!

या प्रसंगानंतर कुटीचे माप ठरले. भिक्षूने स्वतः साहित्य मागून स्वतःसाठी कुटी बांधायची असेल, तर ती लांबीला बारा विती आणि रुंदीला सात विती असावी. लांबी बाहेरून मोजायची, रुंदी आतून. ही वीत साधी नव्हे, 'सुगताची वीत', म्हणजे बुद्धांची वीत. ती नेमकी केवढी याविषयी जुन्या टीकाकारांत आणि आजच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. ती २५ सेंटिमीटर मानली, तर कुटी ३ मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद होते. म्हणजे सुमारे १० फूट बाय पावणेसहा फूट. एक माणूस पाय पसरून निजू शकेल आणि मांडी घालून बसू शकेल, एवढीच ती जागा.

एवढ्याशा जागेत भागते कसे? कुटीत काय होत नाही, याकडे पाहिले म्हणजे उलगडा होतो. तेथे चूल नाही, कारण भिक्षू शिजवीत नाही. तो भिक्षा मागून आणतो. तेथे कणगी नाही, कारण उद्यासाठी धान्य साठवायचे नाही. तीन चीवरे, एक पात्र, कमरेचा पट्टा, सुई, वस्तरा आणि पाणी गाळण्याचे फडके, इतका सारा संसार. त्यासाठी कपाट नको, एक खुंटी पुरे. चालत चालत ध्यान करण्यासाठी बाहेर सरळ, सपाट अशी वाट तयार करीत. तिला 'चंक्रम' म्हणत. म्हणजे घराची अर्धी जागा उघड्या आकाशाखालीच होती.

माप ठरले तरी कुटी वाटेल तेथे बांधता येत नसे. आधी जागा साफ करायची, मग संघाकडे जाऊन ती पाहण्याची विनंती करायची. संघ स्वतः जाई किंवा जाणत्या भिक्षूंना पाठवी. जागा दोन कसोट्यांवर पारखली जाई. पहिली कसोटी अशी की त्या जागी दुसऱ्या कोणाचे घर नसावे. हे 'दुसरे कोणी' म्हणजे मुंग्या, वाळवी, उंदीर, साप, विंचू, गोम, तसेच हत्ती, वाघ, अस्वल, तरस! शेजारी पिकाचे शेत, स्मशान, वधस्थान, दारूचा गुत्ता किंवा चव्हाटा असला तरीही ती जागा बाद होई. वारूळ मोडून कुटी उभारणे म्हणजे एका कुटुंबाला उठवून त्याच्या घरात शिरणे होय. शिवाय जिच्याखाली साप राहतो, त्या कुटीत डोळे मिटून बसणाऱ्याचे चित्त तरी कसे स्थिर राहणार? मुंगीचे हित आणि भिक्षूचे हित येथे एकच झाले आहे.

दुसरी कसोटी अशी की बैल जुंपलेली गाडी कुटीभोवती फिरू शकली पाहिजे आणि शिडी चारी बाजूंनी लावता आली पाहिजे. ज्याने कधी गवताचे घर शाकारले आहे, त्याला या अटीचे महत्त्व सांगावे लागणार नाही. दरडीला किंवा झाडाच्या बुंध्याला चिकटून बांधलेल्या घराची एक बाजू नेहमी ओली राहते. तेथे शिडी पोहोचत नाही आणि गळती तेथूनच सुरू होते. कोणी दात्याने स्वखर्चाने कुटी बांधून दिली, तर तिला मापाचे बंधन नसे. जागेच्या दोन्ही कसोट्या मात्र तिलाही लागू असत.

गाव किती दूर असावे याचाही विचार होता. अनाथपिंडिक श्रेष्ठी श्रावस्तीजवळ जागा शोधू लागला, तेव्हा त्याने गावापासून फार दूर नाही आणि फार जवळही नाही, दिवसा गर्दी नाही आणि रात्री गलबला नाही, अशी जागा पाहिली. पूर्ण अरण्यात राहणाऱ्या भिक्षूसाठी गावापासून निदान ५०० धनुष्यांचे अंतर सांगितले आहे. धनुष्य चार हातांचे धरले, तर हे अंतर सुमारे एक किलोमीटर होते. गावातला कलकलाट तेथे पोहोचत नाही, पण सकाळी भिक्षा मागून माध्यान्हापूर्वी परतता येते.

कुटीच्या अंतर्भागाविषयी विनयपिटकात जे लिहिले आहे, ते वाचताना एखाद्या गवंड्याची वही वाचत आहोत असे वाटते. विहार बुटके होते, त्यांत पाणी शिरले. तेव्हा जोते उंच करावे, असे ठरले. वर चढता येईना. तेव्हा पायऱ्या कराव्यात, असे ठरले. आत अंधार आणि कुबट वास येऊ लागला. तेव्हा खिडक्यांना अनुमती मिळाली. त्या कठड्याच्या, जाळीच्या किंवा गजांच्या असाव्यात. खिडक्यांना पडदे लावले, तर पडद्यांच्या फटींतून खारी आणि वटवाघळे आत येऊ लागली. मग झडपा आल्या. छपरासाठी विटा, दगड, चुना, गवत आणि पाने अशा पाच वस्तू चालत.

आपल्या सह्याद्रीच्या रानात अशी एखादी कुटी आज बांधायची झाली, तर ती कशी असेल? अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात ती अर्थातच बांधता येणार नाही. ती जागा वन्य प्राण्यांची आहे. पण गावाच्या हद्दीतील एखाद्या मालकी रानात ती उभारता येईल. येथे पाऊस नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून दार पूर्वेकडे हवे आणि पश्चिमेची वळचण खाली उतरलेली हवी. जोते दगडाचे आणि हातभर उंच असावे. भिंतींसाठी कारवीसारखे दुसरे साहित्य नाही. ही वनस्पती साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. मुंबईजवळच्या रानात ती २०१६ मध्ये आणि त्यानंतर २०२४ मध्ये बहरली होती. फुलून बी धरल्यावर झुडूप मरते. त्याच्या वाळलेल्या सरळ काठ्या एकमेकींना बांधून त्यांवर शेणमातीचा लेप दिला की कुडाची भिंत तयार होते. जिवंत झाडावर कुऱ्हाड घालण्याची गरजच पडत नाही. भिक्षूंनाही हिरवी वनस्पती तोडण्याची आणि जमीन खणण्याची मनाई होती.

गवताच्या छपराला मात्र चांगला खडा उतार लागतो. उतार कमी असेल, तर पाणी वाहून जाण्याऐवजी गवतात मुरते. येथे एक अडचणही ध्यानात ठेवली पाहिजे. आदिवासींच्या झोपडीत चूल असते. तिच्या धुराने छपरातले किडे मरतात आणि गवत कोरडे राहते. ध्यानकुटीत चूल नाही, म्हणून तिचे गवत लवकर कुजते आणि ते वेळोवेळी बदलावे लागते. सिमेंटचा पत्रा घातला तर हा त्रास वाचेल हे खरे. पण वैशाखात त्या पत्र्याखाली दुपारी बसून पाहावे, आणि आषाढात त्यावर पाऊस वाजू लागला की ध्यान कसे लागते तेही पाहावे!

कुटी मोडता येते, हाच तिचा मोठा गुण. कालांतराने भिक्षूंच्या भ्रमणाचे दिवस कमी झाले, वस्ती वाढली आणि कायमच्या निवासांची गरज भासू लागली. महाराष्ट्रात त्यासाठी डोंगरच कोरले गेले. बोरिवलीजवळ, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची लेणी आहेत. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, या नावावरून कान्हेरी हे नाव आले. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि सुमारे एक हजार वर्षे तेथे भिक्षूंची वस्ती होती. भव्य चैत्यगृह पाहण्यासाठी लोक गर्दी करतात; पण लहान लेण्यांकडे थोडे थांबून पाहिले, तर दगडात कोरलेली ध्यानकुटीच नजरेस पडते. चार पायऱ्या, पुढे लहानसे अंगण, खांबांचा ओटा, आत एक खोली आणि भिंतीलगत कोरलेला निजण्याचा बाक. ओट्याच्या वरचा खडक पुढे आलेला आहे, तीच वळचण. दगड उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी आत गारवा असतो.

पण खरी कमाल पाण्याची आहे. या डोंगरावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. पुढचे आठ महिने आभाळ कोरडे. पाण्याविना कुटी कितीही सुंदर असली तरी मार्गशीर्षात सोडून जावी लागली असती. म्हणून लेण्याच्या अंगणाच्या कडेला खडकातच टाके कोरीत. त्याला 'पोढी' म्हणत. वरच्या उघड्या कातळावर पन्हळी खोदून पावसाचे पाणी पोढीत उतरवीत. पोढीचे तोंड लहान आणि पोट मोठे, त्यामुळे ऊन आत शिरत नाही आणि पाणी फारसे आटत नाही.

हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. दहा चौरस मीटर कातळावर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर वीस हजार लिटर. अर्धे पाणी सांडले, उडाले असे धरले, तरी दहा हजार लिटर उरते. कोरड्या आठ महिन्यांचे दिवस सुमारे २४०. म्हणजे रोज चाळीस लिटरांहून थोडे अधिक. एका भिक्षूला पिण्यास, पात्र धुण्यास आणि अंगावर घेण्यास एवढे पाणी पुरते. कातळाचा दहा चौरस मीटरांचा तुकडा म्हणजे वर सांगितलेल्या कुटीच्या जेमतेम दुप्पट जागा! हे पाणी पिण्यापूर्वी भिक्षू फडक्यातून गाळून घेई, तेही पोटदुखीच्या भीतीने नव्हे, तर पाण्यातला बारीक जीव पोटात जाऊ नये म्हणून.

पोढ्या कोरण्याचा खर्च भिक्षूंनी केला नाही. तो कोणी केला ते भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. एक पोढी सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याच्या राणीशी संबंधित लेखात उल्लेखिलेली आहे. ती सतेरक नावाच्या अमात्याने दिली. दुसरी एक पाणपोढी कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने दिली. राजघराण्याचा अमात्य आणि बाजारपेठेतला सोनार, दोघांनीही या डोंगरावर दान दिले ते पाण्याचेच. पुढे इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी प्रवासी येथे येऊन गेले. त्यांनी पहलवी लिपीत आपली नावे एका लेण्याच्या भिंतीवर कोरून ठेवली आहेत.

आज कान्हेरीच्या खोल्यांत कोणी राहत नाही. पायऱ्यांवर माकडे बसतात, ओट्यांच्या कोपऱ्यांत वटवाघळे लटकतात. ब्राह्मी अक्षरे बरीच झिजली आहेत. पाऊस सुरू झाला की कातळावरचे पाणी त्याच जुन्या पन्हळींतून वाहत येते आणि पोढ्या भरू लागतात.